मामाजी

नवी चूल मांडली की शेजारच्या बाया पाहायला येतात. कुणी वैलावर हात धरून धग किती येते ते बघतं, कुणी सरपण किती लागतं ते विचारतं, कुणी सारवणाला नाव ठेवतं. मागच्या भिंतीतल्या धुराड्याकडे कुणाची नजर जात नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या घरी जेव्हा जेव्हा चूल बदलली, तेव्हा तेव्हा आलेल्या गवंड्याने वर मान करून म्हटलं, "धुराडं आहेच." तेवढ्यावर त्याचा विषय संपला.

मोठी आई मात्र त्या धुराड्याला मामाजी म्हणते. सासऱ्याला म्हणावं तसं, मानाने आणि जरा कुरकुरत. तिचे खरे मामाजी म्हणजे माझे आजोबा, आबाजी. त्यांच्यापुढे ती डोक्यावरचा पदर ढळू न देता गरजेपुरतं बोलत असे. भिंतीतल्या मामाजींना ती वाट्टेल ते बोलते. हे सासरे जागचे हलत नाहीत, घरादाराचं बरंवाईट पोटात घेतात आणि एकदा बिनसलं की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात. त्यांची मर्जी राखूनच चूल पेटवावी लागते. मी त्या घरची सून नाही, नात आहे. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा मोकळेपणाने बोलता येतं.

दिसायला मामाजी साधे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीला लागून विटांचा चौकोनी खांब. खांबाच्या पोटात कुंभाराकडून भाजून घेतलेल्या नळ्या, एकीच्या तोंडात दुसरी बसवलेली, सांध्यांना मातीचा लिंपा. आतली रुंदी सहा इंच. कवेलूंतून वर निघून ते आढ्याच्याही हातभर वर गेलेत, कारण आढ्याच्या खाली राहिलं तर छपरावरून उतरणारा वारा धूर पुन्हा आत दाबतो. डोक्यावर चार विटांच्या पायांवर टेकवलेली फरशी, पाऊस थेट आत पडू नये म्हणून. खाली जमिनीपासून हातभर उंचीवर एक वीट सैल ठेवलेली आहे. ती ओढली की काजळी काढता येते. पण दर दिवाळीत तिच्यावरून पोचारा फिरतो आणि ती भिंतीत हरवते. मग मोठी आई बोटाच्या पेराने भिंत ठोकत जाते आणि आवाज बदलला की थांबते.

मामाजी आमच्या गावात उभे राहिले, पण त्यांची कल्पना वर्ध्याची. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी वर्ध्यात दिलेल्या बागेत त्याने बस्तान मांडलं. गांधीजींचे पुतणे मगनलाल 1928 साली वारले होते. त्यांच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, सचिव जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झाले, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकले आणि इथे येऊन तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांत रमले. गांधीजी सेवाग्रामला जाण्याआधी 1935 मध्ये मगनवाडीतच राहत होते, आणि सोयाबीन खाण्याचे त्यांचे प्रयोग तिथल्याच मंडळींवर झाले. आज वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात कुठेही बघा, कपाशीच्या जोडीला सोयाबीन उभं असतं. त्या प्रयोगांचा याच्याशी काही संबंध नाही, पण मला गंमत वाटते.

मगनवाडीत जे सुधारून निघालं त्याला मगनचं नाव लागलं. वनस्पती तेलावर जळणारा कंदील तो मगन दीप, आणि चूल ती मगन चूल. स्वातंत्र्याच्या आगेमागे ही चूल लोकांपुढे आली. सगळी मातीची, पोटातल्या भुयाराने एकमेकांना जोडलेली दोन-तीन भांड्यांची तोंडं आणि शेवटी धुराडं. जाळ पहिल्या भांड्याखाली, तिथून निघालेली धग पुढच्या भांड्याखाली, आणि उरलेला धूर घराबाहेर. पुढे 1953 मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजूंनीही भुयाराची आणि धुराड्याची चूल काढून तिच्यावर पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच लाखो घरांच्या निर्धूर स्वयंपाकघराचं स्वप्न होतं. आबाजी मगनवाडीत घाणीचं काम शिकायला जात. एकदा येताना चुलीची मापं कागदावर उतरवून घेऊन आले. घाणी काही त्यांनी घातली नाही, चूल मात्र घातली.

आता मामाजींचा स्वभाव. तापल्याशिवाय ते काम करत नाहीत. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते, शास्त्र एवढंच. पण ही ओढ किती नाजूक असते याचा कुणाला अंदाज नसतो. दहा फूट उंचीच्या धुराड्यात दीडशे अंशांची हवा असेल आणि बाहेर तीस अंश, तर आतबाहेरच्या दाबात जो फरक पडतो तो जेमतेम एक मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. एवढ्याशा जोरावर सगळा धूर बाहेर जातो. दार धाडकन लागलं तरी हिशेब बिघडतो. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त, आणि आतबाहेरच्या उष्णतेत जितका फरक तितकीही. म्हणून थंडीत, एकदा तापले की, मामाजी जोरात ओढतात आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसला टेकला की आळसावतात. मे महिन्यात वर्ध्यात कोण आळसावत नाही म्हणा. मात्र त्याच थंडीत पहाटे, न तापलेले असताना, ते सगळ्यात अडेल. रात्रभराची गार हवा नळीत साचून बसलेली असते. खालून पेटवलं की धूर सरळ तोंडावर.

यावर मोठ्या आईचा उपाय ठरलेला. पहिल्या तोंडात लाकूड घालण्याआधी ती मागच्या, म्हणजे धुराड्याला लागून असलेल्या वैलात पऱ्हाटीची वाळकी बोंडं आणि कागदाचा एक बोळा पेटवते. भसकन जाळ होतो, नळी तापते, ओढ सुरू होते, आणि मग पुढची लाकडं पेटतात. नवीन आलेल्या प्रत्येक सुनेला तिने हेच सांगितलं, "पहिले मामाजीले गरम कर, मंग चुलीले हात लाव."

गुण सांगितले, खोडही सांगते. मामाजी खादाड आहेत. जी ओढ धूर नेते, तीच धगही नेते. मगन चुलीच्या पहिल्या तोंडावर भाकरी छान व्हायची, दुसऱ्यावर वरण शिजायचं, तिसऱ्यावर मात्र आयुष्यात कधी काही शिजलं नाही. हातपाय धुवायचं पाणी कोमट राहायचं तेवढंच. भुयारात विटेचा तुकडा सरकवून ओढ कमी करायची सोय होती, ती सकाळच्या घाईत कोण करतो! शिवाय तिन्ही तोंडांवर भांडी हवीत. संध्याकाळी नुसता चहा करायचा तरी बाकीच्या दोन तोंडांवर पाण्याची पातेली ठेवावी लागत, नाहीतर धूर तिथूनच बाहेर. ज्या घरात एकावेळी एकच पदार्थ शिजतो तिथे ही चूल म्हणजे बैठकीत तीन पाहुण्यांसाठी पाट मांडून एकालाच वाढण्यासारखं होतं.

आणि छपराच्या मयालींना कीड लागली. जुन्या उघड्या चुलीचा धूर घरभर फिरायचा, माणसांचे डोळे जायचे, पण त्याच धुराने छपराचं लाकूड, आढ्याला टांगलेली बियाण्याच्या ज्वारीची कणसं, लसणाच्या जुड्या राखल्या होत्या. धूर बाहेर गेला आणि दोन-तीन पावसाळ्यांत लाकडातून पिवळा भुसा गळायला लागला. अंथरुणावर, ताटात, आबाजींच्या टोपीवर. मग पावसाळ्यात काही दिवस भुयार विटेने बंद करून आबाजी मुद्दाम घरात धूर कोंडायचे आणि सगळे ओसरीवर जाऊन बसायचे. निर्धूर चुलीच्या घरात धूर करण्याचा असा मुहूर्त काढलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. निर्धूर चुलींबद्दल लिहिणाऱ्यांनी छपराचा विचार आधी केला असता तर बऱ्याच चुली वाचल्या असत्या, असं माझं मत आहे.

दुसरी चूल सरकारी. 1983 मध्ये देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, तो 2002 पर्यंत चालला आणि त्यात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. आमच्याकडची साच्यातून काढलेली, दोन तोंडांची, आटोपशीर. तिच्यासोबत सिमेंट-अॅस्बेस्टॉसचा अरुंद पाइप आणि त्यावर बसवायची टोपी आली. गवंड्याने वर मान केली, "धुराडं आहेच," म्हणाला, आणि नव्या चुलीचं मागचं तोंड मामाजींच्या पोटात काढून दिलं. पाइप गोठ्यामागे पडला. तो अजून तिथेच आहे, दोडक्याचा वेल त्याच्यावर चढतो. माझा चुलतभाऊ मध्यंतरी तो करवतीने कापून पन्हाळीला लावणार होता, त्याला थांबवलं. अखंड पडलेल्या त्या पाइपचा धोका कमी, पण कापताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली की तिथून निघत नाही.

चूल नवी, धुराडं जुनं. काही महिने बरं चाललं. मग मोठ्या आईच्या लक्षात आलं की काजळी बदलली. "आंधी झडे, आता चिकटते," ती म्हणाली. आणि हे तिचं निरीक्षण कुठल्याही पुस्तकात शोभावं असं होतं. मगन चूल मोठी होती, तिला लाकूड जास्त लागायचं, तिचा धूर भरपूर आणि गरम. सहा इंचांची नळी त्या धुराच्या मापाने केलेली. नवी चूल कमी लाकडात भागवणारी, म्हणून तिचा धूर कमी. तो कमी धूर तेवढ्याच रुंद नळीत सावकाश रेंगाळत वर जाणार, वाटेत थंड होणार, आणि त्यातली वाफ आणि डांबर भिंतींवर बसणार. पऱ्हाट्या ओलसर असल्या तर आणखीच. चुलीत जितकी काटकसर आली तितके मामाजी तुंबू लागले.

थंड देशांत घरोघरी नेमकं हेच घडतं. तिकडच्या जुन्या दगडी घरांत भिंतीतली उघडी शेकोटी असते, तिचं धुराडं ऐसपैस, कारण उघडी शेकोटी खोलीतली हवा मनसोक्त ओढून नेते. ती काढून लोक बंद दाराची लोखंडी शेगडी बसवतात. लाकूड कमी, ऊब जास्त. पण ती जुन्या रुंद धुराड्याला तशीच जोडली की वर डांबर साचतं, आणि साचलेलं डांबर एखाद्या रात्री पेट घेतं. म्हणून तिथे जुन्या धुराड्याच्या आतून शेगडीच्या मापाची स्टीलची नळी सोडतात. जुनं धुराडं नुसतं म्यान होऊन राहतं. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डने 1796 मध्ये शेकोट्यांवर निबंध लिहून धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं होतं. त्याच्या मुद्द्याचा गाभा तोच, की धूर जाण्यापुरती जागा हवी, जास्तीची जागा घरातली ऊब घेऊन जाते.

साफसफाई हा मामाजींच्या आयुष्यातला खरा सोहळा. मोठ्या आईचे यजमान, मोठे बाबा, असताना ते शिडी लावून छपरावर जायचे, फरशी बाजूला करायचे आणि तुराट्यांची घट्ट बांधलेली जुडी दोराने आत सोडायचे, खाली अर्धी वीट बांधलेली. वर-खाली, वर-खाली. खाली मोठी आई सैल वीट काढून तोंडाला पदर बांधून बसलेली. आधी मऊ काळी पूड येई, पिठासारखी, हवेत तरंगणारी. मग खवले. आणि शेवटी, वळणाजवळून, काळे चकाकणारे काचेसारखे तुकडे, ते हाताने फोडावे लागत, वास डांबराचा. ती ते तुकडे ओळीने मांडून ठेवायची आणि त्या वर्षी कुणी किती ओलं सरपण आणलं याचा हिशेब मोठ्या बाबांसमोर व्हायचा. मोठे बाबा छपरावरून उतरायला मुद्दाम उशीर करत.

ते गेल्यावर शिडी लावणारं कुणी उरलं नाही. चूल धुरकट झाली. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या 44 गावांत धुराड्याच्या सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फरक पुसला गेला, कारण चुली नियमित वापरल्या जाईनात आणि त्यांची डागडुजी होईना. त्यात मोडलेलं, तुंबलेलं धुराडं आलंच. मोठ्या आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यासाठी येवढ्या दूर कायले गेले?"

मग गॅस आला आणि मामाजी निवृत्त झाले. शेगडी दुसऱ्या भिंतीला, खिडकीखाली. सरकारी चूल काही वर्षं आंघोळीच्या पाण्यापुरती पेटत राहिली, मग तिच्यावर डबे मांडले गेले. धुराड्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला, उंदीर येऊ नयेत म्हणून. निवृत्तीने मामाजींचं नुकसानच झालं. चालतं धुराडं रोजच्या धगीने स्वतःला कोरडं ठेवतं. थंड पडलेल्यात पावसाची ओल शिरते, काजळी ती ओल धरून ठेवते आणि सांधे आतून भुसभुशीत होतात. वरच्या फरशीखाली पारव्यांनी काड्या भरल्या. हे सगळं कुणाला माहीत नव्हतं, कारण बाहेरून खांब जसाच्या तसा होता, पांढऱ्या मातीने सारवलेला, पायाशी गेरूचा पट्टा.

2022 मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेलं आणि गावात बऱ्याच घरांतल्या चुलींवरचे डबे खाली उतरले. आमच्याकडे त्याला आणखी एक कारण जोडलं गेलं. भावाने स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. कवेलू काढून टिनं, भिंतीला टाइल्स, सरकत्या काचांची खिडकी, वर एक्झॉस्ट फॅन. जुनी चूल फोडून तिच्या जागी लहान, एका वैलाची नवी चूल, पाण्यासाठी, पोळ्याच्या पुरणासाठी आणि ज्वारीच्या भाकरीसाठी. गॅसवरची भाकरी मोठी आई भाकरीत धरत नाही. गवंडी आला. त्याने वर मान केली.

या वेळी मात्र मोठ्या आईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "आंधी त्याच्या पोटात पाह्य," म्हणाली.

बोळा काढला. खालच्या सैल विटेच्या भोकात आरसा धरून वर आभाळ दिसतं का ते पाहिलं, दिसलं नाही. वरून पारव्यांचं घरटं काढलं, टोपलंभर काड्या निघाल्या. मग आभाळ दिसलं, पण चौथाईच. उरलेलं जुडी फिरवून मोकळं झालं. त्यानंतर गवंड्याने, आणि याबद्दल मी त्याला मानते, एक जुनी परीक्षा घेतली. खाली ओला पाला पेटवला आणि वरचं तोंड ओल्या पोत्याने झाकलं. धूर नळीत कोंडला की जिथे फट असेल तिथून डोकावतो. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत उभे. तिथे काहीच नाही. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून वहिनीची हाक आली. तिच्या कपड्यांच्या कपाटातून धूर निघत होता. भिंतीच्या त्या बाजूला दोन सांधे पार गळाले होते. तसंच जोडलं असतं तर चूल इकडे पेटली असती आणि धूर झोपायच्या खोलीत शिरला असता; धूर निदान दिसतो, त्याच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

मामाजींना पाडायचं की ठेवायचं, यावर त्या दिवशी जेवताना चर्चा झाली. भाऊ पाडायच्या बाजूचा. विटा निघतील, जागा मोकळी होईल. गवंडी म्हणाला की खांब भिंतीत गुंतलेला आहे, ओढला तर भिंत येईल, आणि टिनाला नवीन भोक पाडलं की ते दर पावसाळ्यात गळणार. त्याच आठवड्यात गॅसवर बसवायची बिजलीची चिमणी घेऊन एक माणूस आला. त्याला खांब दिसला. तो म्हणाला, आपला पाइप यातच सोडू, काम सोपं. या सोप्या कामाला मात्र मीच नको म्हटलं. एका धुराड्यात एकच चूल. पंख्याने ढकललेली हवा बंद चुलीच्या तोंडातून खोलीत परत येते, आणि तेलाची वाफ काजळीवर बसली की एखाद्या ठिणगीची वाट पाहत राहते. त्याचा पाइप सरळ बाहेरच्या भिंतीतून काढला.

शेवटी ठरलं ते थंड देशांतल्यासारखंच, फक्त स्टीलऐवजी आपल्याकडचा पत्रा. वर्ध्याहून चार इंची पत्र्याची नळी वळवून आणली, वरून मामाजींच्या पोटात सोडली, खालचं तोंड चुलीच्या भुयाराला मातीने जोडलं, वर नळी आणि जुन्या खापराच्या मधली फट पत्र्याच्या कड्याने बंद केली. ओलं सरपण जाळलं तर पत्रा लवकर खाल्ला जातो, पण तो काढून दुसरा घालता येतो. गळालेले सांधे आता नुसते म्यानाचे. त्यांतून काही जायचं नाही.

चूल पेटवायच्या दिवशी बाया आल्या. मोठ्या आईने रीतीप्रमाणे आधी नळी तापवली, मग लाकूड घातलं. आणि धूर सरळ सगळ्यांच्या तोंडावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गवंडी कपाळाला हात लावून बसला. वहिनीने डोळे पुसत देवघरातून उदबत्ती आणली. चुलीच्या तोंडाशी धरली तर उदबत्तीचा धूर चुलीत जाण्याऐवजी बाहेर, आमच्याकडे येत होता. खिडकी बंद, दार लोटलेलं, आणि वर एक्झॉस्ट फॅन गरगर फिरत होता. फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो, तितकी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि आत यायला एकच मोकळी वाट उरली होती, ती मामाजींची. एक मिलिमीटर पाण्याच्या जोराचा तो म्हातारा त्या फॅनपुढे काय टिकणार! बेंजामिन फ्रँकलिनने 1785 मध्ये धुरकट धुराड्यांवर एक लांब पत्र लिहिलं होतं. त्यात पहिलं कारण हेच दिलंय की नव्या घरांची दारंखिडक्या इतक्या घट्ट बसतात की धुराड्याला ओढायला हवाच मिळत नाही. आमच्या सरकत्या काचांना फ्रँकलिन ठाऊक नव्हता. मोठी आई म्हणाली, "फॅन बंद कर पहिले." बंद केला, खिडकी चार बोटं सरकवली. उदबत्तीचा धूर वळला, लांब होत चुलीत शिरला आणि दिसेनासा झाला. बायांनी भाकरी व्हायची वाट पाहिली.

आता फॅनच्या बटणावर मोठ्या आईने हळदीकुंकवाच्या बोटाने एक ठिपका काढून ठेवलाय. चूल पेटलेली असताना त्याला हात लावायचा नाही. खिडकीच्या खाचेत लाकडाचा एक तुकडा कायमचा अडकवलाय, म्हणजे ती कितीही जोराने ओढली तरी चार बोटं उघडीच राहते. भावाला तो तुकडा दिसायला बरा वाटत नाही. त्यावर रंग देऊ, असं त्याचं चाललंय.

उरला प्रश्न साफसफाईचा. चार इंचांच्या नळीत तुराट्यांची जुनी जुडी शिरत नाही. वहिनीने काथ्या गुंडाळून एक लांबट ब्रश केला, दोराला बांधला. मोठ्या आईने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, तळहातावर घासला आणि परत दिला. "मऊ आहे," म्हणाली. "यानं मामाजीले गुदगुल्या होतीन." वहिनी सध्या त्यात सायकलचे जुने आरे गुंफते आहे.